ढालकिडे विकत आणले, कामाला आले दुसरेच

चार वाफे आहेत, सगळे मिळून एका मोठ्या खोलीएवढे. मिरचीची ९ झाडं, वांग्याची ६, टोमॅटोची ८, कोबीचे १२ गड्डे, ताटीवर चवळीचा वेल आणि कुंपणाशी एक जुनी जास्वंद. सलग दोन हंगाम दर रविवारी फवारणी केली. मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, दर वेळी मरायचा आणि दहाव्या दिवशी परत हजर. या हंगामात पंप माळ्यावर टाकला आणि ही वही सुरू केली. तारखांऐवजी दिवस मोजलेत. किडींचं गणित दिवसांचंच असतं, आणि तुमचा हंगाम माझ्याशी जुळेलच असं नाही.

दिवस १

शेवटची फवारणी होऊन तीन आठवडे झाले. औषधाचा अंश गेला असं धरून चालले, कारण बाटलीवर लिहिलेले 'काढणीपूर्वी थांबायचे दिवस' केव्हाच उलटले होते. पहिली गफलत इथेच. तो आकडा माणसाच्या पोटासाठी असतो, पानावर चालणाऱ्या, मावा संपवणाऱ्या मिलिमीटरभर गांधीलमाशीसाठी नाही. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचा अंश मित्रकीटकांना, म्हणजे कीड संपवणाऱ्या कीटकांना, कित्येक आठवडे मारत राहू शकतो. मिरचीवर मी शेवटपर्यंत फवारलं होतं, चवळीवर एकदाही नाही. हा फरक पुढे स्पष्ट दिसला.

मोजणीची पद्धत: मिरचीच्या वेगवेगळ्या झाडांची १० पानं, शेंड्याकडची, उलटी करून, दहापट भिंगाखाली. आजचा आकडा २१२ मावा, मित्रकीटक शून्य.

दिवस ३

पानांवर पांढरा भुसा दिसला. पांढरी माशी आली म्हणून धाबं दणाणलं. भिंगातून पाहिलं तर भुशाला पाय होते, पण आत कोणी नव्हतं. माव्याने टाकलेली कात. फुंकर मारली की उडते. कात जास्त दिसली की समजायचं, वसाहत जोरात वाढते आहे.

दिवस ४

कोथिंबीर, शेपू आणि मोहरी वाफ्यांच्या कडेने पेरली. खुडायला नाही, फुलू द्यायला. हे काम महिनाभर आधी करायला हवं होतं. मित्रकीटकांपैकी बऱ्याच जणांची पिल्लं मावा खातात, पण मोठे झाल्यावर त्यांना पराग आणि मध लागतो. माझ्या बागेत फुलं होती ती झेंडूची, तीही गच्च पाकळ्यांची. बारीक कीटकाला तिथे आत शिरायला वाटच नसते.

दिवस ६

कोबीच्या पानावर एक काळी, खरबरीत, पाठीवर नारिंगी डाग असलेली अळी दिसली. सुसरीच्या पिल्लासारखी. सहा पाय, चाल भराभर. बोटाने चिरडली. शेजारच्या पानावर आणखी दोन होत्या, त्याही चिरडल्या. काम चोख झालं म्हणून खूश होऊन घरात आले.

दिवस ७

काल चिरडल्या त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या.

आपण ढालकिडा म्हणून ओळखतो तो लाल, गोल, ठिपक्यांचा प्रौढ. त्याची अळी त्याच्यासारखी जराही दिसत नाही. आणि खरी खादाड तीच. दोनेक आठवड्यांच्या आयुष्यात एक अळी शेकड्यांनी मावा फस्त करते. म्हणजे मी काल तीन नोकर कामावर रुजू व्हायच्या दिवशीच मारले. आता नियम असा: ओळख पटल्याशिवाय बोट चालवायचं नाही. अनोळखी काहीही दिसलं तर पानासकट काचेच्या बरणीत, वर फडका, आणि सोबत मावा असलेलं एक पान. दुसऱ्या दिवशी मावा कमी झाला तर तो आपला. पानाला भोकं पडली तर परका.

दिवस ९

धीर धरवेना. प्रौढ ढालकिड्यांची डबी मागवली, शंभरेक असतील. थंड पेटीतून आले होते, सुस्त होते. सकाळी अकराला, चांगल्या उन्हात, मिरचीवर डबी उपडी केली. पाचच मिनिटांत उबले आणि एकामागून एक उडाले. संध्याकाळी मोजले तेव्हा तीन उरले होते, त्यातला एक मेलेला.

हे का झालं ते नंतर समजलं. असे प्रौढ बहुतेक वेळा थंडीत गटाने विसावलेले असताना गोळा केलेले असतात. जाग आल्यावर आधी लांब उडायचं, मग खायचं, हा त्यांचा स्वभाव. सोडायचेच असतील तर सूर्य मावळल्यावर, आधी झाडं ओली करून, खोडाच्या बुंध्याशी थोडे थोडे. तरीही बरेच जातातच. प्रौढांपेक्षा अळ्या मागवाव्यात. त्यांना पंख नसतात, एवढं एक कारण पुरेसं आहे. डबीचे पैसे पाण्यात.

दिवस १२

फुकटात काम करावं म्हटलं. पलीकडच्या ओसाड वाफ्यात कुणीतरी सोडून दिलेली वांगी आहेत, त्यांवर ठिपकेवाले भुंगे भरपूर दिसले. बरणीत १४ पकडले आणि संध्याकाळी, झाडं ओली करून, अगदी नियमाने माझ्या वांग्यांवर सोडले. एकही उडाला नाही. फार समाधान वाटलं.

दिवस १४

आजपासून या वहीत मुंग्याच मुंग्या.

मिरचीच्या खोडावरून मुंग्यांची रांग वर जाते, हे मी हंगामभर पाहत होते आणि 'मुंग्या मावा खायला जात असतील' असं समजत होते. आज अर्धा तास भिंग घेऊन बसले. मुंगी माव्याच्या पाठीवर मिशांनी हलकेच टकटक करते. मावा पाठीमागचा भाग वर उचलतो, तिथे पारदर्शक थेंब येतो, मुंगी तो पिते आणि पुढच्याकडे जाते. गोठ्यात धारा काढत फिरावं तशी.

तेवढ्यात वरच्या पानावर एक ढालकिडा उतरला. उडालेल्या शंभरांतला की गावचाच, कुणास ठाऊक. तो माव्यापर्यंत पोचायच्या आत दोन मुंग्या धावून आल्या. त्याने पाय आत ओढून ढालीसारखं अंग पानाला चिकटवून घेतलं. मुंग्या कडेने चावे घेत राहिल्या. मिनिटभर तग धरून तो उडून गेला. त्याच फांदीच्या खाली पिवळ्या, उभ्या, निमुळत्या अंड्यांचा पुंजका होता, ढालकिड्याचाच. मोजली तर १७ अंडी. दुपारी परत पाहिलं तर तिथे नुसता चिकट डाग.

म्हणजे मी इकडे पाहुणे बोलावत होते आणि दारात राखणदार उभे होते.

दिवस १५

खोडाला चिकट पट्टा लावला. घाईत एका मिरचीला ग्रीस थेट सालीवर फासलं.

दिवस १७

पट्टे लावलेल्या ९ पैकी ५ झाडांवर मुंग्या तशाच. शोधलं तेव्हा कळलं: दोन झाडांची पानं शेजारच्या टोमॅटोला टेकत होती, दोन झाडांना आधाराची काठी होती आणि काठीला पट्टा नव्हता, आणि एकाची खालची फांदी जमिनीला लागत होती. मुंगीला पूल लागतो एवढाच. खालची पानं छाटली, काठ्यांनाही पट्टे लावले, टोमॅटो मागे बांधला. हे काम तीन तासांचं झालं. चिकट पट्टा लावायला लागतात वीस मिनिटं, पूल शोधण्यातच दिवस जातो.

दिवस १९

दोन बातम्या, दोन्ही वाईट.

ग्रीस थेट लावलेल्या मिरचीचं खोड पट्ट्याच्या जागी काळं पडलं, झाड मान टाकतं आहे. कोवळ्या सालीवर ग्रीस नको. आता आधी कापडी पट्टी गुंडाळायची, तिच्यावर कागदी टेप, आणि ग्रीस टेपवर. टेप खोडाला घट्ट आवळायची नाही.

दुसरी बातमी वांग्याची. पानांची जाळी झाली आहे. शिरा शाबूत, मधला हिरवा गर खरवडून नेलेला. मी पकडून आणलेले ते १४ 'ढालकिडे' एपिलॅक्ना निघाले. त्याच कुळातले, पण पान खाणारे. जवळून पाहिले असते तर फरक दिसला असता: मावाखाऊ ढालकिड्याची पाठ लाकडाला पॉलिश केल्यासारखी चमकते, एपिलॅक्नाची मातकट आणि बारीक लव असलेली. ठिपकेही भरपूर, एका प्रसिद्ध जातीत २८. त्याची अळी पिवळी आणि अंगभर फांद्या फुटलेले काटे. मी स्वतःच्या हाताने कीड आणून, झाडं ओली करून, संध्याकाळची वेळ साधून सोडली होती. राहिले का नाहीत म्हणून विचारायला नको, त्यांना जेवण पानावरच वाढलेलं होतं.

पुढचे चार दिवस सकाळी सकाळी भुंगे, अळ्या आणि पानाखालची पिवळी अंडी हाताने वेचली. अंड्यांवरून मात्र गोंधळ होतो, दोन्हींची पिवळीच. मी एकच खूण धरली: वांग्याच्या ज्या पानावर मावाच नाही, तिथली अंडी एपिलॅक्नाची. ढालकिड्याची मादी पिल्लांचं ताट पाहूनच अंडी घालते.

दिवस २१

मिरचीची मोजणी: २६८. मुंग्या जवळपास बंद, पण मावा वाढलाच आहे. पानांवर काजळी (काळी बुरशी) चढू लागली, कारण आता तो चिकट स्राव पिणारं कुणी नाही. हे अपेक्षित नव्हतं. दोन दिवस रोज सकाळी पाण्याची जोरदार धार पानांच्या खालून मारली. खाली पडलेला मावा फारसा परत चढत नाही, त्यात खोडाला पट्टा. काजळीही निम्मी धुऊन गेली.

दिवस २३

हिरव्या जाळीदार पतंगाची, म्हणजे क्रायसोपर्लाची, अंडी मागवली. भुशात मिसळून आली. सोडायला सोपी वाटली म्हणून सगळी दोनच झाडांवर ओतली, जिथे मावा सगळ्यात जास्त होता.

दिवस २७

त्या दोन झाडांवर शोधशोध शोधून चार अळ्या सापडल्या. या अळ्या एकमेकांना खातात. शेजारी मावा असला तरी आधी उबलेली अळी बाजूचं अंडं सोडत नाही. निसर्गात मादी प्रत्येक अंडं केसासारख्या देठावर, पानापासून उंच, वेगळं टांगते ते उगाच नव्हे. आणि मी त्यांचा ढीग ओतला.

जी चार उरली त्यांतली एक पाहण्यासारखी होती. विळ्यासारखे दोन जबडे. माव्याला मधोमध पकडलं, पानावरून उचललं, हवेत धरलं. मावा पाय हलवत राहिला आणि हळूहळू फुगा ओसरावा तसा चपटा झाला. मग सालपट टाकून अळी पुढच्याकडे. एका माव्याला जेमतेम दीड मिनिट.

पुन्हा मागवली. या वेळी कोरड्या मऊ ब्रशने झाडागणिक चिमूटभर, फांद्यांवर वेगवेगळी. एक तास गेला, पण उपयोग झाला.

दिवस ३०

कोबीच्या चार गड्ड्यांवर राखाडी मेणचट मावा उसळला. रात्री झोप येईना. सकाळी साबणाचं पाणी फवारलं. 'साबण नैसर्गिकच की' अशी स्वतःची समजूत घालून.

दिवस ३१

मावा बराच मेला. त्याच पानांवर मावा खाणाऱ्या, सिरफिड माशीच्या ७ अळ्या मेलेल्या सापडल्या. हिरवट, बिनपायाच्या, पारदर्शक, शेंबडाच्या थेंबासारख्या. काल मला त्या दिसल्याच नव्हत्या, कारण मी नुसता मावा पाहत होते. साबणाचं पाणी ज्या मऊ अंगाच्या किड्याला लागेल त्याला मारतं, तो कुणाच्या बाजूचा आहे हे पाहत नाही. एक बरं, सुकलं की त्याचा जोर संपतो, मागे अंश राहत नाही. म्हणून साबण पूर्ण बाद नाही केला. पण आता आधी पान उलटं करून भिंगाने पाहायचं, अळी असेल तर ते पान सोडायचं, आणि फडका बुडवून फक्त माव्याचा पुंजका पुसायचा.

दिवस ३४

चवळीवर काळ्या माव्यात काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदासारखे, जागचे न हलणारे दिसले. रोग आला म्हणून अशी सहा पानं तोडून कचऱ्यात टाकली. मग बरणीचा नियम आठवला. कचऱ्यातून पानं परत काढली, बरणीत ठेवली.

दिवस ३८

बरणीच्या फडक्याखाली चार काळ्या, डासाहून बारीक गांधीलमाश्या. मादी माव्याच्या पोटात अंडं घालते, अळी आतून मावा खाते आणि त्याच्याच कातडीत कोष करते. वरून दिसते ती 'ममी'. तिच्या पाठीवर कंपासने काढल्यासारखं गोल छिद्र, आणि कधीकधी झाकण तसंच बिजागरीला लटकलेलं. हे पाहायला दहापट भिंग पुरतं.

दोन ममींची छिद्रं मात्र ओबडधोबड, कुरतडल्यासारखी होती. त्यांतून आलेल्या माश्या वेगळ्या: या पहिल्या गांधीलमाशीवर जगणाऱ्या. चोरावर मोर. त्या दोन बाजूला काढल्या, बाकीच्या चार मिरचीवर नेऊन सोडल्या.

लक्षात घ्या, ममी पहिल्यांदा दिसल्या त्या कधीच न फवारलेल्या चवळीवर. मिरचीवर पहिली ममी ४४ व्या दिवशी मिळाली.

दिवस ४१

टोमॅटोला फळ पोखरणारी अळी. तीन फळांना भोकं. संध्याकाळी पतंग फिरताना दिसले होते तेव्हाच हालचाल करायला हवी होती. ट्रायकोकार्ड मागवलं: कागदावर चिकटवलेली तांदळातल्या पतंगाची अंडी, आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी. ती दुसऱ्या पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. जन्मलेल्या अळीला मात्र ती काहीही करत नाही. म्हणून भोक पडलेली फळं तोडून नष्ट केली आणि अळ्या हाताने काढल्या.

कार्ड आलं त्या दिवशी पाहुणे. पाकीट टेबलावर राहिलं.

दिवस ४३

पाकीट उघडलं तर आत काळी पूड, आणि पूड चालत होती. सगळ्या माश्या पाकिटातच बाहेर आलेल्या. घाईने टोमॅटोखाली पाकीट फाडून ठेवलं, पण बऱ्याच मेल्या होत्या.

दिवस ४६

दुसरं कार्ड. आलं त्याच संध्याकाळी पट्ट्या कापल्या आणि पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल केल्या, ऊन लागू नये म्हणून.

दिवस ४७

दोन पट्ट्या कोऱ्या. एकही अंडं नाही. टोमॅटोला मी मुंग्यांचा पट्टा लावलाच नव्हता, तिथे मावा नव्हता ना! मुंग्यांना कार्डावरची अंडी म्हणजे पंगत. उरलेल्या पट्ट्या दोऱ्याने टांगल्या आणि दोऱ्याला ग्रीसचं बोट लावलं. त्या वाचल्या. आठवड्याने टोमॅटोच्या पानांवर पतंगाची काळी पडलेली अंडी शोधली, पाच मिळाली. काळं अंडं म्हणजे आत ट्रायकोग्रामा. पुढे भोक पडलेलं फळ आठवड्याला एखादं, तेही काही आठवडे नाही.

दिवस ४९

मोहरी फुलली होतीच, आता कोथिंबीरही फुलली. सकाळी नऊच्या सुमारास तिच्यावर सिरफिड माश्या. मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, पण पंख दोनच, आणि हवेत एका जागी टांगल्यासारख्या थांबतात. आज एकीला कोबीवर अंडं घालताना पाहिलं: माव्याच्या पुंजक्यात, एकच, पांढरं, तांदळाच्या कणीएवढं. कोथिंबिरीची दुसरी पेर आजच केली. पहिली सुकायच्या आत दुसरी फुलायला हवी.

दिवस ५२

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. मागच्या वर्षीपासून आहे, पण आता शेंडे वाकडे व्हायला लागले. यासाठी क्रिप्टोलीमस नावाचा गडद रंगाचा, नारिंगी डोक्याचा ढालकिडा मागवला, २० प्रौढ. पिठ्या ढेकणावर तो जुना जाणता आहे. मूळ ऑस्ट्रेलियातला, १८९१ मध्ये कीटकतज्ज्ञ अल्बर्ट कोबेले यांनी तो कॅलिफोर्नियात नेला. त्याआधी १८८८-८९ मध्ये त्यांनीच तिकडे पाठवलेल्या रोडोलिया या दुसऱ्या ढालकिड्याने संत्र्या-लिंबांच्या बागा बुडवणारी कापसासारखी खवलेकीड आटोक्यात आणली होती. अशा गोष्टी वाचून माणसाला वाटतं परदेशी ढालकिडा आणला की झालं. उलटा अनुभवही आहे: माव्यासाठी सोडलेला हार्मोनिया हा आशियाई ढालकिडा युरोप-अमेरिकेत इतका पसरला की तिथल्या मूळच्या जातींवर गदा आली. म्हणून मागवताना एकच प्रश्न आधी विचारते: हा इथे आधीपासून आहे का?

संध्याकाळी सोडले. मुंग्यांचा पट्टा आधी. एवढं तरी शिकले.

दिवस ६३

सकाळी शेजारच्या काकू कुंपणापाशी, हातात स्पिरिटचा बोळा.

"अगं, तुझ्या जास्वंदीवर केवढाले ढेकूण झालेत बघ! चांगले पिसासारखे पांढरे. पाच-सहा पुसले मी, आता तुझं तू बघ."

"काकू, थांबा! ते पळत होते का?"

"पळत होते म्हणजे? चांगले चुरूचुरू पळत होते."

क्रिप्टोलीमसची अळी पिठ्या ढेकणासारखीच दिसते, पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी मढलेली. फक्त तिप्पट मोठी, आणि चालते. ढेकूण जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. काकूंना भिंगातून दाखवलं. अळी कापसासारख्या अंड्यांच्या पिशवीत तोंड खुपसून बसली होती. काकू बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिला तर मी पहिल्यांदा पुसणार होते." आता त्याच रोज येऊन मोजतात.

दिवस ६५

मिरचीची १० पानं: मावा ३१, त्यातल्या ९ ममी. ढालकिड्याच्या २ अळ्या, सिरफिडची १, क्रायसोपर्लाची १. विकत आणलेल्यांपैकी ओळखता येण्यासारखी शेवटचीच.

दिवस ६९

मावा ६. मित्रकीटक शून्य. आकडा पाहून आधी आनंद झाला, मग पोटात गोळा आला. खायलाच नाही तर कोण थांबेल? मागच्या दोन हंगामांत 'स्वच्छ' बागेवर मावा परत आला तो याच पोकळीत. मावा बिननराचा, थेट पिल्लं देतो. एक मादी उडत आली तरी पुरते.

म्हणून दोन कुंड्यांत गहू दाट पेरला. उगवला की त्यावर गवताच्या पानांवरचा मावा आणून सोडायचा. गवतावर जगणारा हा मावा मिरची-टोमॅटोवर टिकत नाही, पण माझ्या गांधीलमाश्यांना तो चालेल असं धरून चालले आहे. त्यांचा शिधा म्हणून या कुंड्या वाफ्यांच्या मध्ये राहतील.

दिवस ७६

गव्हावर मावा बसला. चवळीच्या एका वेलावर काळा मावा आहे, तो मुद्दाम ठेवला आहे. हात शिवशिवतो. काल पाण्याची नळी उचललीसुद्धा होती, मग खाली ठेवली.

दिवस ८१

गव्हाच्या कुंडीत पहिल्या तीन ममी. मिरचीवर मावा ११, एक सिरफिडचं अंडं.

हिशेब मांडला. ढालकिड्यांची डबी पूर्ण वाया. क्रायसोपर्लाच्या दोन खेपांतली एक वाया. ट्रायकोकार्डं दोन, त्यातलं दीड वाया. क्रिप्टोलीमस वसूल. एक मिरची मेली, दोन वांगी जेमतेम जगली. वेळ आठवड्याला साधारण चार तास, त्यातला निम्मा मुंग्यांवर. सगळ्यात स्वस्त वस्तू ग्रीस आणि टेप, आणि ती संपली आहे. धूळ बसून पट्टे आठ दिवसांत कोरडे पडतात. टोमॅटोच्या काठीवरून आज सकाळी पाच मुंग्या वर जाताना दिसल्या.